बेरेनिस, बेरेनाइसी, बेरेनिके… या बाईचं नाव मराठीत लिहायचं तरी कसं?

रात्रकिडा (धागाकर्ता)

मंडळी, एका नावावर अडलोय.

आमचा आठ-दहा जणांचा आकाश बघणाऱ्यांचा कंपू आहे. अमावास्येच्या आसपासच्या शनिवारी वांगणीकडे एका ओळखीच्यांच्या शेतात चटया टाकून पडतो. नव्याने येणाऱ्यांच्या हातात द्यायला एक चार पानी पत्रक करतोय. तारकासमूहाचं नाव, तो शोधायचा कसा आणि त्यामागची गोष्ट. सगळं लिहून झालं, गाडी अडली ती 'कोमा बेरेनिसेस'पाशी.

गोष्ट थोडक्यात अशी. इजिप्तचा ग्रीक राजा तिसरा टॉलेमी इ.स.पू. २४६ मध्ये सीरियाच्या स्वारीवर निघाला. लग्नाची हळदही उतरली नव्हती. राणीने नवस बोलला, नवरा धडधाकट परत आला तर केस वाहीन. तो आला. तिने केस कापून देवळात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी बघतात तर केस गायब! राजा खवळला. तेव्हा सामोसचा कोनोन नावाचा खगोलज्ञ पुढे झाला आणि वर बोट दाखवून म्हणाला, महाराज, ते बघा, देवांनी तिकडे नेऊन ठेवलेत. कॅलिमाखस या कवीने त्यावर कविता केली, पुढे कॅटलसने ती लॅटिनमध्ये नेली, आणि केस वरच राहिले.

आता राणीचं नाव. एका पुस्तकात बेरेनिस, दुसऱ्यात बेरेनाइसी, तिसऱ्यात बेरेनिके, एका जुन्या लेखात चक्क बर्निस. मूळ उच्चार काय? अर्थ काय? आणि मी छापू काय?

(मागच्या खेपेला एका काकांनी अंधारातून गंभीर आवाजात विचारलं होतं, "पण बाई कोमात गेलीच कशी?" त्यांच्यासाठी खुलासा: हा कोमा म्हणजे केस. दवाखान्यातला कोमा हा ग्रीकमधला वेगळा शब्द, त्याचा अर्थ गाढ झोप.)

निवांत नाना

'अरुंधती केश' लिहा आणि मोकळे व्हा. मराठी नकाशात तसंच छापतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या परक्या राणीचा उच्चार शोधण्यात अमावास्या वाया जाईल.

रात्रकिडा

नाना, ते ठळक अक्षरात लिहिलंच आहे. पण खाली गोष्ट राणीची आहे ना. अरुंधतीने केस कापल्याची गोष्ट मला तरी ठाऊक नाही. तिच्या नावाखाली दुसरीची गोष्ट छापायची, तर त्या दुसरीचं नाव तरी नीट हवं.

खडूस_काकू

केस चोरीला गेले म्हणून राजाने तमाशा केला म्हणे. डोक्यावर होते तेव्हा कधी वर मान करून बघितले होते का, ते विचारा त्याला.

टवाळ_टग्या

अर्थ सोप्पा आहे. मूळ शब्द 'वरणिका'. ग्रीक लोक पूर्वी वरणभात खात असत. वरून तूप घालणारी ती घृतवरणिका. इत्यलम्. (दिवा घ्या.)

पाणिनीचा_पाहुणा

टग्या, तू थट्टा केलीस, पण नावाचा अर्धा भाग खरोखरच आपल्या घरातला निघतो. फक्त तो वरणात नाही, भारात आहे.

अथेन्सकडच्या ग्रीकमध्ये हे नाव 'फेरेनिके'. त्यातला फ आपल्या ओठाला दात टेकवून म्हटलेल्या 'फॅन'मधला नाही, ओठ मिटून सोडलेला, 'फणस'मधला. फेरो म्हणजे वाहून आणणे, निके म्हणजे विजय. फेरेनिके म्हणजे विजय घेऊन येणारी. हा फेरो आणि संस्कृतमधला 'भृ' धातू सख्खे भाऊ. आपण भरामि म्हणतो, ते फेरो म्हणतात. भार, भर्ता, भरण हे सगळं याच खानदानातलं.

मग फेचा बे कसा झाला? ही राणी ज्या राजघराण्यातली, ते मूळचं मॅसेडोनियाचं. बाकीचे ग्रीक जिथे फ म्हणत, तिथे मॅसेडोनियाची माणसं ब म्हणत. म्हणजे संस्कृतात भ, ग्रीकमध्ये फ, मॅसेडोनियात ब. प्लुटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाने याची गमतीदार उदाहरणं दिली आहेत: ही मंडळी फिलिप्पोसला बिलिप्पोस म्हणतात, बेरोनिके म्हणतात, आणि फालाक्रोसला बालाक्रोस. आता फालाक्रोस म्हणजे काय, तर टकला. आकाशात जिचे केस लटकताहेत, तिचं नाव व्याकरणाच्या उदाहरणात टकल्याच्या शेजारी बसलंय.

यात नवल वाटायला नको. आपणही 'भगिनी'ची 'बहीण' केलीच की. तोंडाला जे सोपं जातं, ते होतं.

आता गंमत. संस्कृतात असंच नाव घडवायचं तर विश्वंभर, ऋतंभरा या चालीवर 'जयंभरा' होईल. ऋग्वेदात 'वाजंभर' असा शब्द आहे, जिंकलेलं धन वाहून आणणारा, आणि तो वेगवान घोड्याच्या संदर्भात येतो. तिकडे सिराक्यूजचा राजा हिएरोन याच्या शर्यतीच्या घोड्याचं नाव होतं फेरेनिकोस! इ.स.पू. ४७६ मध्ये तो ऑलिंपियाला जिंकला आणि पिंडारने त्याच्यावर स्तोत्र रचलं. दोन टोकांच्या दोन कवींना घोडा बघून एकच कल्पना सुचावी, यावर मी एक अख्खी सुट्टी घालवली आहे.

खडूस_काकू

म्हणजे राणीचं नाव घोड्याचं.

पाणिनीचा_पाहुणा

काकू, घोड्याचं नाव राणीसारखं म्हणा. शिवाय त्या घराण्यातल्या बायकांनी ते सार्थही केलं. पहिली बेरेनिके, म्हणजे या राणीच्या नवऱ्याची आजी, हिचा रथ ऑलिंपियाला जिंकला होता. आपल्या केसवाल्या राणीचा रथ नेमेआच्या खेळांत जिंकला, आणि त्यावरही कॅलिमाखसचीच कविता आहे. हाकायचा सारथी, पण विजय मालकाच्या नावावर लागायचा. त्यामुळे बाईला मैदानात पाऊल न टाकता जिंकता यायचं.

पाऊल टाकलेलीही एक आहे. ऱ्होड्सच्या डियागोरास या मुष्टियोद्ध्याची मुलगी. मुलाला ऑलिंपियाला उतरवायचं म्हणून पुरुष प्रशिक्षकाचा वेष करून आत शिरली. पोरगा जिंकला, ती आनंदाने कुंपणावरून उडी मारायला गेली आणि कपडे सरकले. शिक्षा मरणाची होती. पण बाप, भाऊ, मुलगा सगळे विजेते, म्हणून सोडलं. त्यानंतर प्रशिक्षकांनीही उघड्या अंगाने यायचं असा नियम झाला. पॉसेनियस हा प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनकार तिचं नाव कॅलिपातेइरा देतो आणि म्हणतो, काही जण तिला फेरेनिके म्हणतात.

अबोली_के

वाचनखूण साठवली. जिलबी समजून आत आले होते, पंगत निघाली.

सालोनिकाची_सून

नमस्कार. मी थेस्सालोनिकीला राहते (नवरा इथला, डाळ-तांदूळ माझे). इथे आजच्या उच्चारात हे नाव 'वेरेनीकी' आहे. जुन्या ग्रीकमधला ब आता व झालाय आणि शेवटचा दीर्घ ए झालाय ई. जोर 'नी'वर. सासूबाईंना मुद्दाम म्हणायला लावलं. त्यांनी म्हटलं आणि लगेच विचारलं, कोणाच्या घरी मुलगी झाली?

आणि हो, मी राहते त्या शहराचं नावही राजघराण्यातल्या बाईचंच आहे. अलेक्झांडरची सावत्र बहीण थेस्सालोनिके. थेसालीतल्या विजयावरून बापाने पोरीचं नाव ठेवलं, आणि तिच्या नवऱ्याने, कासांद्रोसने, इ.स.पू. ३१५ च्या सुमारास तिच्या नावाने शहर वसवलं. तेव्हा या 'निके'वाल्या बायकांचा मला रोजच शेजार. बसच्या पाटीवरसुद्धा.

वसईकर

माझ्या मोठ्या बहिणीचं नाव वेरोनिका. घरात वेरू. आमच्याकडे हे नाव इतकं रुळलेलं आहे की ते परकं आहे हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. उपवासकाळात क्रुसाची वाट करतो त्यात सहावं स्थान तिचं. येशू क्रूस घेऊन चाललाय, ती गर्दीतून पुढे होते, त्याचं तोंड पुसते आणि फडक्यावर चेहरा उमटतो. लहानपणी वेरू ऐटीत सांगायची की माझ्या नावाचा अर्थ 'खरी प्रतिमा', लॅटिन वेरा आणि ग्रीक इकोन.

आज हा धागा वाचून शंका आली. वेरोनिका आणि बेरेनिके एकच की काय?

पाणिनीचा_पाहुणा

एकच. जुन्या कथांमध्ये रक्तस्रावाने आजारी असलेली जी बाई येते, तिला ग्रीक हस्तलिखितांत बेरनिके म्हटलंय आणि लॅटिनमध्ये तीच वेरोनिका झाली. चेहऱ्याच्या फडक्याची कथा पुढे तिच्याच नावाला जोडली गेली. 'खरी प्रतिमा' हा अर्थ नंतर कानाला जुळला म्हणून चिकटला. अर्धा शब्द लॅटिन, अर्धा ग्रीक, हीच त्याची चुगली. पण नावाचं रूप वेरोनिकाकडे झुकायला त्या चिकटलेल्या अर्थाचाही हातभार लागला असणार.

वसईकर

वेरूला फोन करून सांगितलं. म्हणाली, "पन्नास वर्षं खरी प्रतिमा होते, आता विजय आणणारी झाले. फरक काय पडतो, भांडी मलाच घासायची आहेत." :)

बाय द वे, आमच्या मराठी बायबलात प्रेषितांच्या कृत्यांत, पंचविसाव्या अध्यायात अग्रिप्पा राजाबरोबर त्याची बहीण येते. ती हीच नाववाली दुसरी बाई, हेरोदाच्या घराण्यातली. रोमचा तितुस तिच्या प्रेमात होता म्हणतात. तिथे तिचं नाव छापलंय 'बर्णीका'. चक्क ण! आणि शेवटी का.

निवांत नाना

बर्णीका. वा. 'ण' आला की माणूस आपला वाटतो.

सुतारपक्षी

माझं थोडं अवांतर. फर्निचरच्या धंद्यात हयात गेली. आमच्याकडे दोन पंथ, पॉलिशवाले आणि वारनिशवाले. डब्याचं झाकण स्क्रूड्रायव्हरने उचकटलं की जो वास येतो ना, तो माझ्या बोटांतून अजून गेलेला नाही. तर एकदा कोशात 'वारनिश' कुठून आला म्हणून बघितलं. फ्रेंच व्हेर्नी, त्याच्यामागे मध्ययुगीन लॅटिनमध्ये राळेचं एक नाव, आणि त्याच्यामागे बहुतेक बेरेनिके नावाचं लिबियाच्या किनाऱ्यावरचं गाव. आजचं बेंगाझी. ते गाव तुमच्या केसवाल्या राणीच्या नावाचं, कारण ती मूळची त्याच मुलखातली.

मी चाळीस वर्षं दाराच्या फळीवर राणी फासत होतो, पत्ता नव्हता.

अबोली_के

आणि फ्रेंचमध्ये नेलपॉलिशला 'व्हेर्नी'च म्हणतात. म्हणजे दहा बोटांवर दहा राण्या. चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनाला 'व्हेर्निसाज' म्हणतात तेही त्यातलंच. चित्रकार आदल्या दिवशी येऊन चित्रांवर शेवटचा वारनिशचा हात मारायचे म्हणून.

टवाळ_टग्या

केस झाले, नखं झाली, आता फक्त मेकअप राहिला. धागा ब्यूटी पार्लरमध्ये हलवा.

मिरीदाणा

उशिरा आले. मी पुरातत्त्वाची विद्यार्थिनी. माझ्यासाठी बेरेनिके ही बाई नाहीच, ते बंदर आहे. तांबड्या समुद्राच्या इजिप्तच्या काठावर दुसऱ्या टॉलेमीने इ.स.पू. २७५ च्या सुमारास आपल्या आईच्या नावाने वसवलेलं. (ही ती रथवाली आजी. केसवाली नव्हे. सुतारकाकांचं बेंगाझी केसवालीचं. गल्लत नको.)

आणि महाराष्ट्राचा संबंध हवा असेल तर इथेच आहे. त्या बंदरातल्या सेरापिसच्या देवळाच्या आवारात उत्खननात एक मोठा रांजण सापडला. रांजण भारतीय घडणीचा, जमिनीत अर्धा पुरलेला, आणि आत काळी मिरी. साडेसात किलो! इसवी सनाच्या पहिल्या शतकातली. मी तिचं छायाचित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमच्या डब्यातली मिरी बाजूला ओतून ताडून पाहिली. त्याच सुरकुत्या, तोच काळपट तपकिरी रंग. त्याच बंदरात सागवान सापडलंय, सातवाहनांची दोन नाणी सापडली आहेत, आणि २०२२ च्या उत्खननात संगमरवरी बुद्धमूर्ती मिळाली, ७१ सेंटीमीटर उंच, दगड तुर्कस्तानाकडचा. तिथेच रोमन सम्राट फिलिप 'अरब' याच्या काळातला, म्हणजे इ.स. २४४ ते २४९ च्या दरम्यानचा, संस्कृत लेखही आहे.

'पेरिप्लस' नावाची खलाशांची जी ग्रीक वाटाडी वही आहे, तिची सुरुवात या भागातल्या बंदरांपासून होते आणि पुढे त्यात कल्याण, चौल, पैठण, तेर ही आपली नावं येतात. म्हणजे चौलच्या धक्क्यावरच्या एखाद्या तांडेलाला हे नाव नक्की तोंडपाठ असणार. तो काय म्हणत असेल ते कळलं असतं तर रात्रकिडादादांचा प्रश्नच मिटला असता.

जुना_जोगी

मिरीदाणा, तांडेल सापडला नाही तरी लिपिकार सापडतो.

ही केसवाली राणी कोणाची मुलगी? उत्तर आफ्रिकेतल्या सायरीनचा राजा मागास याची. तिचा सासरा कोण? दुसरा टॉलेमी. आता अशोकाचा तेरावा शिलालेख काढा. कलिंगाचं युद्ध झालं, पश्चात्ताप झाला, आणि आता धर्माने विजय मिळवलाय, कुठपर्यंत, तर अंतियोक राजापर्यंत आणि त्याच्याही पलीकडच्या चार राजांपर्यंत. त्या चारांत एक 'तुरमाय' आणि एक 'मगा'. तुरमाय म्हणजे टॉलेमी, मगा म्हणजे मागास. सोयरीक करणारे दोन्ही व्याही गिरनारच्या एका खडकावर, एका ओळीत!

उत्तराखंडातल्या कालसीला याच लेखाची दुसरी प्रत आहे, तिच्यात मागासचा 'मका' झालाय.

टवाळ_टग्या

मक्याची मुलगी, आणि केस असणार नाहीत तर काय! कणसाला असतातच.

जुना_जोगी

यासाठी तुला इथून हाकलायला हवं, पण हसलो.

ऐक पुढचं. कालसीची प्रत पूर्वेकडच्या बोलीत आहे आणि त्या बोलीत र चा ल होतो. त्यामुळे गिरनारचा तुरमाय कालसीला 'तुलमय' होतो आणि अलेक्झांडर होतो 'अलिक्यषुदल'. अशोकाच्या लिपिकारावर हिचं नाव लिहायची वेळ आली असती तर गिरनारला कदाचित बेरेनिका आणि कालसीला बेलेनिका झालं असतं. मुद्दा असा की त्या लोकांनी परकं नाव ऐकलं, आपल्या जिभेवर घोळवलं, आपल्या विभक्तीत बसवलं आणि छिन्नी मारली. मूळ उच्चाराच्या नावाने कोणी चर्चासत्र भरवलं नाही.

पाणिनीचा_पाहुणा

जोगीबुवा, इथे मात्र असहमत. लिपिकाराच्या कानावर थेट ग्रीक दूताचं बोलणं पडत होतं, म्हणून तुरमायमध्ये तरी मूळ नाव जिवंत आहे. आपल्या कानावर पडतं ते लंडनमार्गे. 'बेरेनाइसी' म्हणजे ग्रीक नाव, लॅटिन लेखन आणि इंग्रजी उच्चार अशी तीन वेळा उकळलेली पत्ती. लॅटिनमध्ये क साठी सी वापरत आणि वाचतही क च. पुढे लोक त्या सीला स म्हणू लागले. आपण 'निके'चं 'नाइसी' करायचं काही कारण नाही. पत्रकात बेरेनिके छापा.

अबोली_के

पण मुलं नंतर मोबाइलवर शोधणार ते इंग्रजी स्पेलिंगनेच ना? बेरेनिस लिहिलंत तर निदान काहीतरी सापडेल.

पाणिनीचा_पाहुणा

शोधयंत्राच्या सोयीसाठी राणीचं नाव बदलायचं?

निवांत नाना

पाहुणे, तुम्ही स्वतः 'अलेक्झांडर' वाचून मुकाट बसलात वर. तो अलेक्सांद्रोस होता ना? मग हिच्याच बाबतीत एवढं सोवळं का? आमच्या आजीला तर तो सिकंदर म्हणूनच ठाऊक होता.

पाणिनीचा_पाहुणा

अलेक्झांडर रुळला. रुळलेल्याला मी हात लावत नाही. ही अजून रुळायची आहे, म्हणून म्हणतो, पहिल्यांदाच नीट रुळवा. सरळ आहे.

खडूस_काकू

काही सरळ नाही. या नावाच्या तिथे ढीगभर बायका. जोगी, यातली कोण कुठली ते एकदा सांगून टाका, मला मालिका बघितल्यासारखं होतंय.

जुना_जोगी

काकू, मालिकावाले लाजतील.

पहिली बेरेनिके: पहिल्या टॉलेमीच्या बायकोबरोबर आलेली तिची नातलग. शेवटी राणी हीच झाली. केसवाली दुसरी, तिची नात. मागासने आधीच दुसऱ्या टॉलेमीच्या मुलाशी तिचं लग्न ठरवलं होतं, पण मागास वारल्यावर आईने मॅसेडोनियातून देमेत्रिओस नावाचा देखणा राजपुत्र मुलीसाठी बोलावला. देखणा जावई सासूच्याच खोलीत सापडला. पोरीने मारेकरी घातले, आईला मात्र वाचवलं, आणि मग बापाने ठरवलेल्या स्थळी इजिप्तला गेली. केस वाहणारी ती हीच, हे विसरू नका. आणि शेवटी इ.स.पू. २२१ मध्ये तिला मारलं कोणी, तर पोटच्या मुलाने, चौथ्या टॉलेमीने.

नवरा सीरियावर गेला तोही एका बेरेनिकेसाठीच. त्याची बहीण. तिला तिथल्या अंतियोकाला दिली होती. सवतीच्या पक्षाने तिला आणि तिच्या तान्ह्या मुलाला मारलं. म्हणजे एका बेरेनिकेसाठी युद्ध आणि दुसरीचा नवस. पुढे आणखी एक, प्रसिद्ध क्लिओपात्राची थोरली बहीण. तिला बापानेच इ.स.पू. ५५ मध्ये मारलं.

सगळ्यात धाकटी मात्र राहूनच जाते. केसवालीची मुलगी, तीही बेरेनिके, लहानपणीच गेली. त्या वेळी कानोपस गावात देशभरचे पुजारी जमले होते. त्यांनी इ.स.पू. २३८ चा जो ठराव दगडावर कोरला, चित्रलिपी, लोकलिपी आणि ग्रीक अशा तिन्हींत, त्यात या पोरीला देवी मानलं आहे. दर चार वर्षांनी एक दिवस जादा धरायची सूचना आहे ती त्याच ठरावात. आणि शेवटी एक कलम: पुजाऱ्यांच्या बायकांना जी भाकरी द्यायची, तिला ठरावीक आकार असावा आणि तिला 'बेरेनिकेची भाकरी' म्हणावं.

खडूस_काकू

ती भाकरी केसांपेक्षा मोठी गोष्ट आहे. पत्रकात तीच घाला.

गौरी_मास्तरीण

दोन दिवस वाचतेय, आज तोंड उघडते. मी शाळेत मराठी शिकवते, ग्रीक येत नाही. पण पाहुण्यांच्या 'बेरेनिके'ला माझी एक अडचण आहे. मराठी कानाला ते संबोधन वाटतं. सखे, लते, बेरेनिके! नाट्यगीताची पहिली ओळ असावी तसं. "बेरेनिकेने केस कापले" हे कोणी वाचलं तर तो मूळ नाव 'बेरेनिका' धरूनच चालणार, कारण आपल्याकडे शाखा-शाखेने, राधिका-राधिकेने असं चालतं.

मग तसंच धरा ना. मूळ नाव लिहा बेरेनिका. पत्रकात ते एकटं एकदाच येईल. बाकी सगळीकडे काय येणार? बेरेनिकेचे केस, बेरेनिकेने नवस बोलला, बेरेनिकेला परत दिसलेच नाहीत. प्रत्यय लागला की पाहुण्यांचं ग्रीक रूप आपोआप हजर. वसईकरांच्या बायबलात बर्णीका आहे, त्यांनीही शेवटी का च घेतला. वेरोनिका तर घरातलीच. आकारान्त केलं की ती आपल्या मुलींच्या हजेरीत बसते.

निवांत नाना

मास्तरीणबाईंना पूर्ण गुण.

पाणिनीचा_पाहुणा

हे मला सुचायला हवं होतं. वैतागलो आहे, पण मान्य. एकच अट, 'बेरेनिका'तला 'नि' मुळात दीर्घ आहे.

गौरी_मास्तरीण

मधला इकार मराठीत ऱ्हस्वच बरा दिसतो, राधिका, सारिका. बायबलवाल्यांनी दीर्घ लिहिला, त्यांना लखलाभ. मी लाल पेन घेऊन बसलेली नाही.

सालोनिकाची_सून

सासूबाईंना 'बेरेनिका' वाचून दाखवलं. म्हणाल्या, छान आहे, पण वेरेनीकीच्या मावशीचं नाव वाटतं.

रात्रकिडा (धागाकर्ता)

मंडळी, खरंच उपकार. असा मजकूर केला आहे:

"अरुंधती केश (कोमा बेरेनिसेस): सिंहाची शेपटी म्हणजे उत्तरा फाल्गुनी आणि तांबूस स्वाती यांच्या मधोमध, जरा उत्तरेकडे बघा. एप्रिलमध्ये रात्री अकराच्या सुमारास हा भाग जवळजवळ डोक्यावर असतो. थेट रोखून पाहू नका, नजर किंचित बाजूला ठेवा, मग कापसाचा पिंजलेला धागा असावा तसा फिकट पुंजका दिसेल. ते बेरेनिकेचे केस. बेरेनिका ही इजिप्तची ग्रीक राणी, नावाचा अर्थ विजय घेऊन येणारी. इंग्रजी पुस्तकांत बेरेनिस."

अबोलीताई, शेवटचं वाक्य तुमच्यासाठी. काकू, भाकरीसाठी जागा उरली नाही, ती तोंडी सांगणार.

रात्रकिडा (धागाकर्ता)

चार दिवसांनी परत आलो, कारण हे तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. डीटीपीवाल्याकडून प्रूफ आलं. त्याला शब्द ओळखीचा वाटला नाही म्हणून त्याने बिचाऱ्याने मदत केली. छापून आलंय: "ते बरे निकेचे केस."

पाणिनीचा_पाहुणा

जुन्या मराठीत 'निकें' म्हणजे चांगलं. ज्ञानेश्वरीत सापडेल. बरे आणि निके, दोन्ही चांगलेच. बदलू नका!

खडूस_काकू

नवस करून वाहिलेले होते. चांगलेच असणार.

रात्रकिडा (धागाकर्ता)

बदललं, काकू. दोनशे प्रती आल्या. शनिवारी नेल्या आणि आभाळ भरून आलं, एक तारा दिसेना. चटईवर बसून भाकरीची गोष्ट सांगितली. कोमावाले काका आले होते. म्हणाले, "मग ती शुद्धीवर कधी आली?"